टायसनला पळवणारे धर्माजी

धर्माजी माझ्या दवाखान्यात आले ते भांडायलाच आल्यासारखे. बाहेर टेम्पोत टायसन, आठ वर्षांचा डॉबरमन कुत्रा, मान ताणून धापा टाकत होता.

धर्माजी मूळचे माणगावकडचे, भातशेतीतले. तरुणपणी गावच्या कबड्डी संघात चढाया करायचे. पुढे अलिबागजवळ मुंबईच्या विपुलशेठच्या बंगल्यावर राखणदार झाले, त्याला बारा वर्षं झाली.

"दम मला कळतो, डॉक्टर," ते म्हणाले. "ह्यो झोपेत मिनिटाला पन्नास श्वास घेतो. शेठ म्हनतात, आळशी झालाय, किनाऱ्यावर पळव. आज पळता पळता कोसळला."

मी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. हृदयाचा स्नायू पातळ आणि सैल झाला होता, डावा कप्पा ताणून मोठा झाला होता. असा ताण आला की स्नायूतून एक द्रव्य रक्तात उतरतं. ते टायसनच्या रक्तात कितीतरी पट वाढलं होतं.

जुने कागद हवेत म्हणून शेठना फोन लावला. त्यांनी मुंबईचा एक रिपोर्ट पाठवला, चौदा महिन्यांपूर्वीचा. तेव्हाच ते द्रव्य वाढलेलं होतं. खाली तिथल्या डॉक्टरनं लिहिलं होतं: हृदयाची तपासणी लगेच करावी, तोवर पळवू नये.

मी ते वाचून दाखवलं. धर्माजींनी फोन माझ्या हातातून घेऊन शेठना परत लावला.

"शेठ, तुमाला ठाव व्हतं?"

"अरे, कुत्रा ठणठणीत दिसत होता."

"दिसत व्हता! म्हनून तर रगत तपासायचं असतं ना? वरीसभर रोज सकाळी पळवला त्याला. माझ्या हातानं करवलंत हे!"

"आवाज खाली, धर्माजी. नवीन पिल्लू घेऊ आपण."

"घ्या तुमी. त्याला सांभाळायला दुसरा मानूस बघा. ह्याला मी घरी नेतो."

शेठनी अडवलं नाही. त्याचाच धर्माजींना जास्त राग आला.

नोकरी सोडून ते टायसनला गावी घेऊन गेले. सकाळ-संध्याकाळ गोळ्या पावात दडवून भरवायचे, दर आठवड्याला श्वास मोजून मला फोनवर सांगायचे. पाच महिने गेले. मार्चमध्ये एका सकाळी टायसन अंगणात निजला तो उठलाच नाही.

ते सांगायला स्वतः आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"येळेवर औषध मिळतं तर जास्त जगला असता?"

"बहुतेक हो," मी म्हटलं. खोटं बोलवेना.

"कागदावर लिवलेलं व्हतं, डॉक्टर. मला कुनी नुसतं वाचून दाखवायचं व्हतं!"

ते तसेच बाहेर पडले.