अण्णांची दसऱ्याची गाडी

रस्त्याच्या कडेला मालाची गाडी उभी दिसली की निवृत्तीअण्णा तिच्या मागे जाऊन हौद्यात विती टाकायला लागत. गाडी कुणाची, मालक कुठे गेला, याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. लांबी झाली की रुंदी, मग मागचा फाळका खाली पाडून तो तळहाताने दाबून बघायचा. मालक "ओ काका, काय पाहिजे?" म्हणत धावत आला की अण्णा त्यालाच विचारत, "लहानी का नाय घेतली?" त्याने लहान घेतलेली असली तर प्रश्न उलटा. एकदा नाक्यावर मोजमाप चालू असतानाच गाडी सुटली, तर अण्णा अर्धवट राहिलेली रुंदी पुरी करायला तिच्या मागे पळाले. मी शाळेत शिकवून घरी येत होते, म्हणून मला हे डोळ्यांनी बघायला मिळालं.

अण्णा मखमलाबादला आमच्याच गल्लीत राहत. मळ्यात झेंडू, शेवंती आणि उरलेल्या जागेत मेथी-कोथिंबीर. माल फुलबाजारात न्यायला दुसऱ्याची गाडी भाड्याने सांगायची आणि ती वेळेवर येत नाही म्हणून बोटं मोडत बसायचं, असा त्यांचा जन्म चालला होता. स्वतःची गाडी घ्यायची हे ठरलेलं होतं. छोटा हत्ती घ्यायचा की मोठी पिकअप, एवढंच ठरत नव्हतं. मी या गल्लीत सून म्हणून आले तेव्हा ठरत नव्हतं आणि माझी मुलं नोकरीला लागली तेव्हाही ठरत नव्हतं. नावात निवृत्ती असलेला माणूस या एका प्रश्नातून कधी निवृत्त झाला नाही.

गंमत म्हणजे इतरांच्या गाड्या ते चहा निवायच्या आत ठरवून देत. घोटीहून भाताचे व्यापारी असलेले त्यांचे साडू आले, त्यांना "मोठी घ्या, डोळे झाकून घ्या" म्हणून सांगितलं. कोपऱ्यावरच्या दूधवाल्याला लहान घ्यायला लावली. दोघेही सुखी झाले. स्वतःचा विषय निघाला की मात्र अण्णा टोपी काढून डोकं खाजवायला लागत.

ही सगळी चर्चा आमच्या ओट्यावर व्हायची. संध्याकाळी मळ्यातून आले की अण्णा तिथे टेकायचे आणि मी वह्या तपासत असले तरी सुरू करायचे. "बाई, लहानीत माल बसंल, पण मान नाय बसायचा." मी म्हणायची, "मग मोठी घ्या." की लगेच, "आन् ती भरायची कशानं? निम्मा रिकामा हौदा घेऊन बाजारात जायचं म्हंजे दोन मान्सांची वरात काढल्यासारखं." मी म्हणायची, "मग लहान घ्या." त्यावर ते माझ्याकडे अशा कीवेने बघत, की या बाईला शाळेत कोणी ठेवलं असेल!

हळूहळू मला त्या बडबडीतली मेख कळली. प्रश्न गाडीचा नव्हताच. त्यांचा एकुलता एक मुलगा प्रशांत अंबडच्या कारखान्यात कामाला होता. एकदा माझ्यासमोरच तो वैतागून म्हणाला, "अण्णा, घ्यायचीच तर लहानच घ्या. तुमच्यानंतर तिच्यात काय भरायचंय?" अण्णा ओट्याच्या फरशीवर विती टाकत बसले. तेव्हापासून मला त्यांचं बोलणं वाचता येऊ लागलं. ते "मोठी" म्हणाले म्हणजे प्रशांत त्या दिवशी मळ्यात डोकावला असणार, आणि "लहानी" म्हणाले म्हणजे कुणीतरी बांधावर येऊन प्लॉट पाडायची गोष्ट काढली असणार. लहान गाडी घेणं म्हणजे शेती आपल्याबरोबर संपणार हे स्वतःच्या हाताने मान्य करणं होतं. ते त्यांच्याने होत नव्हतं. आणि मोठी घ्यायला मुलाच्या तोंडून एक शब्द हवा होता, तो येत नव्हता.

त्यात त्यांची एक अट होती. गाडी आणायची ती दसऱ्यालाच, दुसरा मुहूर्त चालणार नाही. आता झेंडूवाल्याने अशी अट घालावी, याला काय म्हणावं? सगळं गाव दसऱ्याला नवी गाडी आणायला जातं, तेव्हा अण्णा त्या गाड्यांचे हार विकत बसलेले असत. वर्षाचा माल त्या एका सकाळी संपवायचा, उठणार कसं? हार घ्यायला आलेल्या प्रत्येकाला ते विचारत, "लहानी का मोठी?" आणि त्या मापाचा हार काढून देत. कुणी मोठी म्हणालं तर वर एक तोरण फुकट. फुलं संपेपर्यंत मुहूर्त टळलेला असायचा. मी म्हणायची, "अहो, उद्या आणा." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "दुसऱ्या दिवशी झेंडूला कुत्रं तरी इचारतं का बाई? तशीच ती गाडी."

एकदा शोरूमवाल्यांनी कंटाळून मोठी पिकअप दाखवायलाच गल्लीत पाठवली. ती आमच्या ओट्यापाशी अडकली. वळणावर ओट्याचा कोपरा पुढे आलेला, गाडी पुढेही जाईना आणि मागेही येईना. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "एवढा कोपरा छाटला की झालं." मी लगेच म्हटलं, "छाटा, माझी काही हरकत नाही." अण्णा एकदम खवळले. "ओटा छाटायचा? मंग बसायचं कुठं?" त्यांनी पोरं लावून गाडी मागे ढकलवली आणि परत पाठवली. पुढे आठवडाभर गल्लीतली पोरं एकमेकांना "मंग बसायचं कुठं?" म्हणून खिदळत होती. मला मात्र त्या संध्याकाळी अण्णांच्या चहात साखर जास्त घालावीशी वाटली.

या साऱ्या हिशेबात अण्णांनी एक माणूस कधी धरलंच नाही, ते म्हणजे त्यांची सून वैशाली. निफाडकडची मुलगी. सासूबाई गेल्यावर तोडणीला ती, क्रेट भरायला ती, बाजारात अण्णांच्या शेजारी बसून भाव तोडायलाही तीच. अण्णा तिचं तोंडभरून कौतुक करायचे, "सूनबाई म्हंजे माझा उजवा हात हाय." आणि त्याच दमात, "पण मळा कोण बघंल, सांगा." उजवा हात तिथेच उभा राहून ऐकत असायचा.

परवाच्या श्रावणात अण्णा गेले. मळ्यातच, शेवंतीला पाणी भरताना. दोन दिवसांपूर्वी ओट्यावर त्यांनी "लहानीच घेतो आता" म्हटलं होतं. त्यांचं ठरलं, याचंच मला भय वाटलं.

नवरात्र बसायच्या आधीच एक दिवस नाक्याजवळच्या मारुतीच्या देवळापुढे कोरी पिकअप उभी दिसली. मोठी. शेजारी वैशाली, ओढणी कमरेला बांधलेली. गाडी शिकली कधी, परवाना काढला कधी, कुणाला पत्ता नाही. मी अण्णांच्याच थाटात विचारलं, "अगं, पण दसऱ्याचा मुहूर्त?"

"बाई, दसऱ्याला फुलं न्यायची तर गाडी त्याच्या आधी नको का आणायला?"

इतकं साधं होतं ते. इतकी वर्षं आम्ही दोघांनी ओट्यावर बसून चहा ढोसला, आणि हे आम्हाला सुचलं नव्हतं.

"घरापर्यंत आणायची तर ओट्याचा कोपरा छाटून टाक," मी म्हटलं.

"नाय, राहू द्या. गाडी हितंच लावंल मी, क्रेट हातगाडीवर आणता येतील." मग ती हसली. "मंग बसायचं कुठं?"

मला तिथे, रस्त्यात, रडू आलं.

दसऱ्याच्या पहाटे मी मुद्दाम देवळापाशी गेले. प्रशांत दोरी आवळत होता. मी त्याच्याकडे बघितलं तसा तो घाईघाईने म्हणाला, "कारखान्याला सुट्टी हाय आज, म्हणून आलो." मी बरं म्हटलं. दोरीला त्याने तिसरी गाठ मारली, तीही कुणी न सांगता.

क्रेट सगळे चढले तरी हौदा निम्मा रिकामाच होता. अण्णा गेल्यावर अर्ध्या मळ्याची लागवड राहूनच गेली होती. वैशाली फाळका लावता लावता थांबली आणि त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुढच्या दसऱ्याला भरंल, बाई."

तिने फाळका लावला. ती स्टिअरिंगला बसली, प्रशांत शेजारी चढला. दोन माणसांची वरात. अण्णांना ती बघवली नसती, म्हणून मी पदर खोचला आणि म्हटलं, "सरक रे थोडा, मीपण येते."