शेजारी बसणारीला दिसेल असा लॅपटॉप

आज सातवा दिवस. विकत घेतलेला लॅपटॉप सात दिवसांत बदलून मिळतो, आठव्या दिवशी दुकानदार ओळखही दाखवत नाही. म्हणून सकाळची प्रार्थना थोडक्यात उरकली, देवाची माफी मागितली आणि नणंदेबरोबर बाहेर पडले. नणंद एकावन्न वर्षांची झाली, तरी घरात ती अजून छोटीच.

छोटीचं काम लोकांना चटकन कळत नाही. ऐकू न येणारी मुलं कॉलेजात शिकतात, त्यांच्या शेजारी ती बसते. शिकवणारे जे बोलतील ते भराभर टाइप करते आणि शेजारचं मूल पडद्यावर वाचतं. सगळं म्हणजे सगळं. सरांनी विनोद केला तर तोही, आणि पुढे कंसात ‘वर्ग हसला’. ते लिहिलं नाही तर मुलांना वाटतं, आपल्यालाच हसले. अकरा वर्षं हे चाललंय.

रोज पाच तास असतात. तीन तळमजल्यावर, कायद्याच्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीसाठी. दोन दुसऱ्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, गणिताच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यासाठी. तो चांगला दाढीवाला बाप्या आहे, पण तास संपला की तिच्या हाताखालून बोटं घालून ‘मावशी, सुटलो’ असं टाइप करतो. तिचा जुना लॅपटॉप म्हणजे नुसता धोंडा. तो वाहून वाहून उजवा खांदा कामातून गेला. आता वेणी घालायलाही हात वर जात नाही, मी घालून देते. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, “एक तर ओझं कमी करा, नाहीतर जिने. असंच चालू ठेवलंत तर वर्षभरात टाइप करणंही सुटेल.” काम सुटलं तर छोटीजवळ काय उरेल, हा विचार मी पुरता करत नाही. अर्ध्यावर सोडते.

मागच्या आठवड्यात दुकानदारानं दोन लॅपटॉप पुढ्यात ठेवले. एक चंदेरी, वहीसारखा हलका. दुसरा काळा, पातळच, पण उचलला की हाताला जाणवणारा. “रोजच्या कामाला दोन्ही सारखेच,” तो म्हणाला. आम्ही दोघी अतिशहाण्या. घरून तिची कामाची पिशवीच नेली होती, डबा, बाटली, छत्री सगळं भरून. एकदा हा लॅपटॉप आत घालून छोटी दुकानाचा जिना चढली-उतरली, मग तो घालून. पुन्हा हा, पुन्हा तो. शेवटी दुकानदार म्हणाला, “मॅडम, लोक लॅपटॉप उघडून बघतात. तुम्ही त्याला फिरायला काय नेताय?”

चंदेरी ठरला. छोटीनं तो उघडून बघितला, पण समोर बसून. बाजूला बसून बघायचं अकरा वर्षं शेजारी मूल घेऊन बसणाऱ्या बाईला सुचलं नाही, मला तर नाहीच.

चार दिवस ती खुशीत होती. “वहिनी, पिशवीत काही आहे की नाही तेच कळत नाही गं,” म्हणायची. पाचव्या दिवशी तिनं त्या मुलीची वही पाहिली. ओळी मधेच तुटलेल्या, मोकळ्या जागा सोडलेल्या. मुलगी मान वाकडी करून बसते हे छोटीला दिसत होतं. तिला वाटलं, पेंगते आहे. विचारलं तेव्हा मुलीनं समासात लिहिलं, ‘खिडकीचा उजेड पडला की बाजूनं अर्धंच दिसतं. पण बाई, तुमचा खांदा दुखतो ना. मला चालतं तेवढं.’ परीक्षा तीन आठवड्यांवर आली आहे.

त्या दिवशी छोटी घरी येऊन चप्पल न काढताच बसली. “चार दिवस मी तिच्या शेजारी बसून भिंतीशी बोलले,” म्हणाली.

आज दुकानात गेल्यावर दुकानदारानं चंदेरीच्या पडद्यावर चमक कमी करणारी एक पातळ फिल्म लावून दाखवली. बाजूनं आणखीच काळोख. मग छोटीनं मला शेजारच्या खुर्चीत बसवलं. दुकानदाराला म्हणाली, “तुम्ही बोला काहीही.”

“काय बोलू?”

“तेच. बोलत राहा.”

बिचारा बॅटरीबद्दल बोलायला लागला, छोटी टाइप करायला. चंदेरीवर मला माझंच तोंड दिसत होतं आणि वरची ट्यूबलाइट. अक्षरं मधूनमधून. मग काळा घेतला. त्यावर त्याचा शब्द न् शब्द दिसला, आणि शेवटी कंसात ‘वहिनीनं जांभई दिली’. दुकानदार हसला, मीही हसले. छोटी हसली नाही. काळा दोन्ही हातांनी उचलून तशीच उभी राहिली.

“वहिनी, तू सांग.”

माझ्या ओठांवर आलं होतं की चंदेरी ठेव, ते कॉलेज सोड, घरी बस. रोज तिचा खांदा चोळून माझेही हात भरून येतात. पण त्या मुलीच्या वहीतल्या मोकळ्या जागा मला एवढ्यात विसरता येणार नव्हत्या. “मी नाही सांगत,” म्हटलं. “खांदा तुझा आहे.”

“हा घेऊन तिसरा मजला नाही चढवणार मला.”

“मग नको चढूस.”

“आणि तो वर वाट बघत बसेल त्याचं काय?”

दुकानदार उगाच लॅपटॉपचा खोका पुसत बसला.

छोटीनं हातातला काळा खाली ठेवला. म्हणाली, “काळा द्या.” आणि तिथेच, काउंटरला टेकून, तिनं कॉलेजात तासांची वाटणी करणाऱ्या बाईंना फोन लावला. तिसऱ्या मजल्यावरचे दोन तास उद्यापासून जमणार नाहीत, दुसरं कुणी बघा. तिकडून काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. छोटी एवढंच म्हणाली, “हो. हो. त्याला मीच सांगते.” मग त्याला लिहायला बसली. तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. शेवटी दोन ओळी पाठवल्या. त्याचं उत्तर ‘बरं मावशी’ एवढंच आलं.

घरी आल्यावर पाचच्या सुमारास ती बाहेरच्याच कपड्यांत झोपली. मी उठवलं नाही. देवापुढे बसले, तर मागायचं काय तेच सुचेना. खांदा बरा कर म्हणायची रोजची सवय, तेवढं म्हणून झालं. मग तिसऱ्या मजल्यावर उद्या त्याच्या शेजारी कुणीतरी बसायला पाठव, असं मागितलं आणि उठले.