रविवारेंचं माहेर

मराठी माणूस सातासमुद्रापार गेला तरी एक प्रश्न सामानात बांधूनच नेतो: आडनावावरून तुम्ही कोण? सुप्रभा रविवारेंनी लंडनजवळच्या स्टॅनमोरमध्ये हा प्रश्न इतक्यांदा झेलला होता, की आता त्या नुसत्या हसायच्या. नगरच्या मिशनच्या पायरीवर एका रविवारी टोपलीत बाळ सापडलं आणि मडमेनं वाराचंच आडनाव करून टाकलं. आता याचं मूळ गाव कोणतं सांगणार?

लहानपणी बायबलच्या तासाला तिनं मलकीसदेकाची गोष्ट ऐकली. राजाही तोच, याजक म्हणजे पुरोहितही तोच. भाकर आणि द्राक्षारस घेऊन तो अब्राहामाला सामोरा आला, आशीर्वाद दिला आणि गेला. त्याचे आईबाप कोण, कूळ कोणतं, कुठेच लिहिलेलं नाही. बाकीच्या मुली जांभया देत होत्या. छोट्या सुप्रभेला मात्र तो लख्ख दिसला, आपल्या शेजारच्या टोपलीत. पुढे कितीतरी वर्षं झोप लागता लागता तो उंच माणूस भाकर घेऊन तिच्या उशाशी यायचा आणि तू कोणाची, असं कधी विचारायचा नाही.

नर्स होऊन ती विलायतेत आली, सुप्रभाताई झाली आणि नोकरी सांभाळून चर्चमध्ये डीकन झाली, म्हणजे याजकाच्या हाताखालची सेविका. १९९४ साली चर्चनं बायकांना याजकपद खुलं केलं आणि ताईंचंही नाव निघालं. आनंद व्हायचा, तर जुना प्रश्न पुन्हा वर आला. शेजारच्या डॉक्टरांच्या सुमनताई सहज म्हणून गेल्या, आमच्यात भटजीला कूळगोत्र लागतं बाई, तुमच्यात कसं असतं? बोलणं निर्मळ होतं, पण कुसळासारखं रुतलं. बिशपना नाही म्हणून कळवावं, असं ताईंच्या मनानं घेतलं.

हे त्यांनी एकट्या एलिझर नवगावकरांना सांगितलं. नवगावकर बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. बायको गेलेली, मूलबाळ नाही. खुब्याच्या ऑपरेशननंतर ताईंच्या वॉर्डात गुंगीत त्यांनी चक्क मराठीत घोटभर पाणी मागितलं, तेव्हा ताईंच्या हातून पेला निसटता निसटता राहिला होता. तेव्हापासून दर शुक्रवारी सांजेला ताई त्यांच्याकडे जात. दोन मेणबत्त्या, पांढरा टेबलक्लॉथ, आणि बोलता बोलता खिडकीबाहेरच्या धुक्यात कधी अलिबागचा किनारा दिसे, कधी यरुशलेम.

नवगावकरांनी मृत समुद्राकाठच्या जुन्या लोकांची गोष्ट काढली. ते म्हणे दोन अभिषिक्तांची, म्हणजे देवानं नेमलेल्या तारकांची वाट पाहत होते, एक अहरोनाच्या कुळातला याजक, दुसरा दाविदाच्या कुळातला राजा. स्वर्गातून मलकीसदेक उतरेल, असंही त्यांच्या पोथ्यांत लिहिलेलं होतं. ताई म्हणाल्या, आमच्या पहिल्या ख्रिस्ती लोकांची तीच तर पंचाईत होती. येशू दाविदाच्या, म्हणजे यहूदाच्या वंशातला, राजा शोभला, पण याजक अहरोनाच्या, म्हणजे लेवीच्या घरातलाच लागे. मग त्यांनी मलकीसदेकाकडे बोट दाखवलं, याला तरी कुठं कूळ होतं?

म्हातारा मिस्कील हसला. म्हणजे तुमचा सगळा धर्म बिनकुळाच्या याजकावर उभा आणि कूळ पाहिजे फक्त सिस्टरना!

डोक्याला पटलं. कुसळ काही निघालं नाही.

आज कळवू, उद्या कळवू म्हणता दीक्षेचा आदला दिवस उजाडला. दीक्षा शनिवारी, म्हणजे नवगावकरांचा शब्बाथ, शुक्रवारच्या सांजेपासून पाळायचा विसाव्याचा दिवस, ते येणं शक्य नव्हतं. शुक्रवारी सांजेला ताई गेल्या आणि दारातच म्हणाल्या, "काका, मला आशीर्वाद द्या. नाहीतर मी उद्या जात नाही."

नवगावकरांनी त्यांना आत घेतलं.

"आमच्यात कोहेन नाहीत, सिस्टर. याजकाचं कूळच नाही. नवगावला आमच्या पूर्वजांचं जहाज फुटलं, सात जोडपी तेवढी वाचली, वंशावळी समुद्रात गेल्या. याजकाचा आशीर्वाद मी कोणत्या तोंडानं देऊ?"

ताईंनी मान खाली घातली. त्यांना रडू येत होतं.

"पण तेच शब्द शब्बाथच्या सांजेला बाप आपल्या लेकरांवर म्हणतो," म्हातारा हळूच म्हणाला. "बाप म्हणून देता येईल. चालेल?"

ताईंनी मान हलवली. इतकी वर्षं अहो-जाहो करणारे नवगावकर म्हणाले, "ये पोरी, वाक जरा."

दोन म्हातारे हात डोक्यावर टेकले. सारा, रिबका, राहेल, लेआ यांच्यासारखी देव तुला करो, असं म्हणून ते पुढचे हिब्रू शब्द कोकणी हेलात म्हणू लागले. ताईंनी डोळे मिटले. उशाशी येणारा तो उंच माणूस इतका वाकलेला असेल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दीक्षा झाली. चर्चच्या हॉलमध्ये चहा घेताना सुमनताईंनी इकडेतिकडे पाहून विचारलं, "अहो, तुमच्या माहेरचं कुणी दिसत नाही?"

"शनिवार ना आज," याजक रविवारे म्हणाल्या. "बाबांचा शब्बाथ असतो."