अव्वाला कळलेला शब्द

आमच्या घरात कन्नड बोलत. मराठी मी शाळेत शिकलो आणि ख्रिस्ती झाल्यावर हट्टाने सुधारली. मिशनच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो तेव्हा बाकीचे मास्तर माझी भारी थट्टा करायचे, कारण बोलण्याच्या भरात मी अजून ‘ती पाणी’ म्हणून जायचो. म्हणून रविवारच्या उपासनेत शास्त्रपाठ वाचायला पाळकसाहेबांनी माझी निवड केली, तेव्हा मी चार दिवस खोलीत एकटाच मोठ्याने वाचून जीभ वळवून घेतली.

पाठ लूकच्या शुभवर्तमानातला होता. जो आपल्या आईबापांचा, बायकोमुलांचा, भावाबहिणींचा द्वेष करणार नाही त्याला माझा शिष्य होता येणार नाही, असं येशू त्यात सांगतो. खोटं कशाला बोलू, तयारी करताना मी अर्थाकडे पाहिलंच नाही. ‘द्वे’ नीट निघतोय ना आणि ‘ष’चा ‘श’ होत नाही ना, एवढंच पाहिलं.

घर सुटून तेव्हा दीड वर्ष झालं होतं. आम्ही लिंगायत. गळ्यातलं लिंग काढून मी अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, हातात ठेवलं, त्या दिवसापासून त्यांनी मला उंबरा बंद केला. नवी पेठेत आमचं कापडाचं दुकान होतं. तिकडून जायची वेळ आलीच तर मी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने जायचो, आणि अप्पा मान खाली घालून कापड मोजत राहायचे. अव्वा, म्हणजे माझी आई, मात्र महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारी यायची. आत येत नसे. प्रार्थनामंदिराच्या पायरीवर बसायची, आणि उपासना संपली की कडक भाकऱ्या व शेंगांची चटणी बांधलेलं फडकं माझ्या हाती द्यायची. तेवढ्यात आमचं चार वाक्यं बोलणं व्हायचं. त्यावर मी पुढचे कितीतरी आठवडे काढायचो.

त्या रविवारी ती आली होती. मी वाचायला उभा राहिलो तेव्हा उघड्या दारातून तिचा पदर दिसत होता. तिला मराठी बेताचीच यायची, पुस्तकी मराठी तर काहीच कळत नसे. त्यामुळे मला संकोच वाटला नाही, उलट चेव आला. आमच्या मंडळीतले लोक घरात राग म्हणायचे, दुस्वास म्हणायचे. द्वेष हा शब्द त्यांच्या बोलण्यात नव्हता. पण कन्नडमध्ये द्वेषाला द्वेषच म्हणतात. आई आणि बाप हे तर तिला कळतच होतं. त्यांच्यापाठोपाठ तिच्या भाषेतला तो शब्द आला, आणि मी तो अगदी स्वच्छ उच्चारला. मान वर केली तेव्हा दारात पदर नव्हता. मी तिथेच थांबायला हवं होतं, पण पाठ पुरा करूनच बाहेर आलो. पायरीवर नुसतं फडकं होतं.

पुढचे तीन महिने ती आली नाही. मी तिचा द्वेष करतो असं तिला वाटलं असेल, या विचाराने अन्न गोड लागेना. पाळकसाहेबांना विचारलं. त्यांनी मोठ्या कळकळीने समजावलं की त्या देशात कमी प्रेम करण्यालाच द्वेष म्हणायची रीत होती. ते खरं असेलही. पण कमी म्हणजे किती कमी, हे मी अव्वाला कोणत्या तोंडाने सांगणार होतो? मला येशूचाही राग आला. स्वतः क्रुसावर मरताना त्याने आपल्या आईला एका शिष्याच्या हवाली करून तिची सोय लावली, आणि मला मात्र हे सांगून ठेवलं. दर रविवारी मी दारातून पायरी बघायचो आणि जेवायला खोलीवर एकटा यायचो.

शेवटी नागपंचमीच्या आधी मंगळवारच्या बाजारात ती मला दिसली. लाह्या घेत होती. मी जवळ जाऊन कन्नडमध्ये सांगू लागलो की त्या शब्दाचा अर्थ तसा नाही. तिने उत्तर दिलं ते मराठीत. माझ्याशी ती जन्मात मराठी बोलली नव्हती.

“कळलंय की मला,” ती म्हणाली. “लगीन झाल्यावर गाडीत बसताना मी माज्या आईकडं बघितलंच न्हाई. लई राग धरला तिचा. बघितलं असतं तर गाडीत चढलेच नसते. तसंच लिवलं असंल तुज्या पुस्तकात.”

इतका सरळ अर्थ मला कुणीच सांगितला नव्हता. मग तू येत का नाहीस, असं मी विचारलं. तिने पदरात लाह्या घेतल्या, गाठ मारली, आणि मग माझ्याकडे पाहून कन्नडमध्ये म्हणाली,

“मी पायरीवर बसले की तू मागे बघतोस. मला तरी दर पंचमीला माहेरी न्यायला माझा भाऊ यायचा. तुला घरी न्यायला कोण येणार?”

तिने गाठ पुन्हा सोडली, ओंजळभर लाह्या माझ्या रुमालात घातल्या आणि घराच्या वाटेला लागली.