एक भिजलेली गासडी

कांजूर गावच्या इसिडोरनं वऱ्हाडातल्या छोट्या गाडीवर तीस वर्षं गार्डाची नोकरी केली. कंपनी गोऱ्यांची, रुळांत अंतर जेमतेम दोन हात, पण ऐट मेलगाडीची. रूळ कापसासाठी घातलेले, तेव्हा मान कापसाचा. आधी गासड्या निजवायच्या, मग उरल्या जागेत माणसं कोंबायची. पाऊस आला की ताडपत्री गासड्यांवर आणि माणसं देवाच्या भरवशावर. इसिडोरला यात काही वावगं वाटलं नाही. उलट निवृत्त होऊन गावी परतल्यावर तो हे छाती फुगवून सांगायचा.

एक गोष्ट तेवढी गाळायचा. अडतीस सालच्या पावसाळ्यात एका आडस्टेशनावर त्याची बायको लूर्डस कळा देत बसली होती आणि गार्डाच्या डब्यातही गासड्या भरलेल्या. त्या दिवशी त्यानं जन्मात एकदाच नियम मोडला. हमालांना सांगून एक गासडी फलाटावर उतरवली आणि तिच्या जागी बायकोला निजवलं. पुढचं स्टेशन यायच्या आत एथेल जन्मली. गासडी मात्र तिथंच पावसात भिजत पडली आणि कंपनीच्या साहेबाला कारणासकट लेखी खुलासा द्यावा लागला. तेव्हापासून पोरीच्या हातून बशी जरी फुटली, तरी बाप म्हणायचा, "तुझ्यापायी आधीच एक गासडी भिजलीय!"

पंचावन्न साली कंपनीचा मोठा साहेब कायमचा विलायतेला निघाला. मुंबईत जुन्या नोकरांना चहाचं बोलावणं आलं. इसिडोरनं कोटाची बटणं घासली, हिरवा झेंडासुद्धा बरोबर घेतला. साहेबाच्या तोंडून एकदा 'शाब्बास' ऐकायचं, एवढीच म्हाताऱ्याची हौस. त्यासाठी गासडीची माफी मागायचीही तयारी होती.

साहेबानं चष्म्यावरून पाहिलं. "इसिडोर? हां, अडतीस साली गासडी भिजवली तो," म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला.

माफी ओठांवरच राहिली. सतरा वर्षं गासडी बरी ध्यानात ठेवली! बाई जगली का, पोर जगलं का, एवढं विचारायला मेल्याची जीभ झडली असती? इसिडोरचं डोकं भणाणलं. चहा तसाच टाकून तो उठला.

गावी पोचताच घराच्या दारातच लूर्डसनं विचारलं, "वलखला का सायबान?"

"वलखला. गासडीवरशी."

आत एथेल चुलीवरचं भाताचं टोप उतरवत होती. झेंडा तिच्या हातात कोंबून तो म्हणाला, "घे, याचा मसोता कर. आणि आयक गो, एकच गासडी उतरवली ती माजी चूक. सगला डबा खाली करायला पायजे होता. तुजी आय किती अवघडून पडली होती!"