पोलंडचे अण्णा आणि मायचा हेल

अकोल्याच्या फलाटावर मी जे काही रडले, ते पाहून कुणालाही वाटलं असतं की पोरीला काळ्या पाण्यावर धाडताहेत. जायचं होतं अमरावतीला. बडनेऱ्याला उतरायचं, टांग्यात बसायचं, की संपला परदेश. पण आमच्या वऱ्हाडात तेव्हा लेक सासरी निघाली की बाया हेल काढून रडायच्या. नुसते अश्रू चालत नसत. रडण्याला सूर लागायचा, त्यात शब्द असायचे, एकीचा श्वास संपला की दुसरी उचलायची. माझी माय त्यात पट्टीची. "माझी बाई चालली वं" म्हणत तिनं सूर वर नेला, वरच थोडा थरथरवला आणि मग असा खाली सोडला, की हमालानंसुद्धा डोक्यावरची पेटी उतरवून ठेवली.

गाडी हलली तशी ती खिडकीशी आली आणि एकदम कोरड्या आवाजात म्हणाली, "मांगं पाहू नको."

मी पाहिलं नाही. पुढे कित्येक वर्षं मी हे मोठ्या तोऱ्यात सांगत असे. आईची आज्ञा पाळणारी लेक! खरं तर काजळ गालावर उतरलं होतं, आणि शेजारी बसलेल्या नव्या नवऱ्याला तो गाल दिसू नये म्हणून मान वळली नाही. मूर्तिजापूरला त्यांनी गरम भजी आणली. बडनेरा येईपर्यंत माझं दुःख बऱ्यापैकी पोटात गेलं होतं.

अकोल्यात राहिलेल्या माझ्या बहिणींनो, आणि इकडून उठून जगभर पांगलेल्या पोरींनो, हे सगळं आठवलं ते मुक्तामुळे. मुक्ता माझी नात. नोकरीसाठी पोलंडमधल्या क्राकोव्ह गावी गेली आणि तिथलाच मुलगा पसंत केला. लग्न तिकडेच. मुलगा-सून जाणार होते, पण माझ्या गुडघ्यांनी आणि डॉक्टरांनी मिळून मला अमरावतीच्या राजापेठेतच बसवलं. नातीच्या लग्नात माझ्या हातचं काहीच नसणार, ना हळद, ना रुखवताचा लाडू. हे मला फार लागलं होतं. दाखवलं मात्र नाही.

मुक्ताच्या होणाऱ्या सासूबाई, हन्नाबाई, व्हायोलिन शिकवतात. त्यांच्या देशाचे एक मोठे संगीतकार गेल्या शतकाच्या सुरुवातीला होऊन गेले, ते यांचं दैवत. त्यांचं आडनाव माझ्या कवळीला झेपत नाही, म्हणून मी त्यांना अण्णा म्हणते. हन्नाबाईंनी अण्णांचं होतं नव्हतं ते सगळं मोबाईलवर पाठवलं आणि निरोप दिला, आजींनी यातलं आवडेल ते निवडावं, लग्नात तेच वाजवू.

झालं. दुपारी मेथी निवडता निवडता अण्णा सुरू. आधी वाटलं, वाद्यं जुळवताहेत, आता मुखडा येईल. मेथी संपली, मुखडा आला नाही. अकोल्याहून धाकट्या बहिणीनं, शांतानं, फोनवर टोमणा मारला, "काय वं बाई, म्हातारपणी काय लावलं? हे आयकून मांजर तरी थांबते काय घरात?" मी म्हटलं, "मांजर नाही थांबत, मी थांबून राहिली ना!"

आणि खरंच थांबले. पहिलं निवडलं ते व्हायोलिन आणि पियानोचं. एप्रिलच्या भर दुपारी कूलरच्या टपात पाणी सोडावं, वाळ्यावरून थेंब झिरपायला लागावेत आणि खोलीचा जीव निवावा, तसं. दुसरा डोंगरातल्या लोकांचा नाच, ढोलासकट. तो ऐकून मेळघाटातली होळी आठवली आणि गुडघे विसरून पाय हलला. तिसरं लागलं तेव्हा हातातली जुडी खाली राहिली. एक बाई गात होती. सूर वर गेला, वरच थोडा थरथरला आणि खाली सुटला. माझी माय अकोल्याच्या फलाटावरून तिकडे कशी पोचली?

मी कळवलं, पाठवणीला हेच वाजवा.

दुसऱ्या दिवशी मुक्ताचा व्हिडिओ कॉल. "आजी, काय निवडलं तू! हन्नाकाकूंनी मला दोनदा विचारलं, नक्की हेच का?"

"काहून?"

"अगं, ते चर्चमधलं आहे. मेलेल्या लेकापाशी उभी राहून आई रडते ते."

"मले काय माहीत! मले वाटलं, पोरीले सासरी धाडून राहिली."

मुक्ता हसली. मग हळूच म्हणाली, "बाकीची दोन ठेवू. हे काढून टाकू ना?"

मी "काढ" म्हटलं. कूलर आणि ढोल कुणीही निवडले असते. माझं होतं ते हेच. माझा चेहरा तिकडे मुक्ताशेजारी बसलेल्या हन्नाबाईंना दिसला असावा. त्यांनी मुक्ताकरवी विचारलं, यात आजींना नेमकं काय ऐकू आलं? आता हे समजावून कसं सांगणार? मी फोन डब्याला टेकवून उभा केला, पदर सावरला आणि भर दुपारी हेल काढला. "माझी बाई चालली वं..."

शेजारची रुखसाना पिठाच्या हातांनी धावत आली. "या अल्ला! खाला, कौन गया?"

"कोणी नाही गेलं वं, पोरीचं लगन हाय."

"तो ऐसा रोते क्या?" म्हणून ती कपाळाला पीठ लावून खालीच बसली. मुक्ता हसून लोळत होती. हन्नाबाई मात्र हसल्या नाहीत. उठून व्हायोलिन घेऊन आल्या, डोळे मिटून माझा सूर शोधला, चुकल्या, पुन्हा शोधला. मग त्यातूनच अण्णांच्या त्या गाण्यात शिरल्या. जोड कुठे आला, मला कळलं नाही.

त्यांच्यातही लग्नाला निघण्याआधी आई-वडील घरीच आशीर्वाद देतात. लग्नाच्या दिवशी त्या वेळी हन्नाबाईंनी शब्द सोडून फक्त तेवढाच सूर वाजवला. "मी काही रडणार नाही बरं आजी" म्हणणारी मुक्ता ओठ चावत दारापर्यंत गेली, आणि दारात वळून तिनं मागे पाहिलं. मागे तिच्या आईच्या हातातल्या फोनमध्ये मी होते. काजळ पार गालावर. "मांगं पाहू नको" माझ्या तोंडावर आलं होतं. गिळलं. पाहू दे की पोरीला.

रात्री त्या वाजवण्याचं रेकॉर्डिंग मी काहीही न सांगता शांताला पाठवलं. मग तिचा फोन आला.

"बाई," ती म्हणाली, "हे मायचं कुठून भेटलं तुले?"

अकोल्याचं घर आम्ही कधीच विकलं, तिथे आता कपड्यांचं दुकान आहे. त्या रात्री मात्र आम्ही दोघी, एक अकोल्यात, एक अमरावतीत, फोन कानाला लावून तो सूर पुन्हा पुन्हा ऐकत होतो. कितीतरी वर्षांनी मायच्या घरीच बसलो होतो.