शेवटच्या स्टॉपची खोली

त्या संध्याकाळी मावशीच्या भाच्याने माहितीपटाचा दुसरा भाग आधी लावला आणि पहिला नंतर. मुद्दाम नाही. तो चष्म्याच्या दुकानात काम करतो, अख्ख्या वस्तीचे नंबर त्याने काढलेत, पण स्वतःचा चष्मा खिशात ठेवून कॉम्प्युटरसमोर बसायची त्याला खोड आहे. दोन फाइली शेजारीशेजारी होत्या. त्याने अंदाजाने एकीवर बोट दाबलं, शिवणक्लासच्या भिंतीवर टाचलेल्या चादरीवर उजेड पडला आणि शिवणबाईंनी दिवे घालवले.

पडद्यावर मासे डब्यात भरायचा कारखाना होता. बायका स्टुलांवर बसून काम करत होत्या, गात होत्या, एक म्हातारी तर आपल्या स्टुलाला लेकराला थोपटावं तशी थोपटत होती. मग मध्यंतर झालं, आणि नंतर बघावं तर त्याच बायका उभ्या. दिवसभर उभ्या. सुजलेले पाय, ओली फरशी, आणि मालकाचं एकच पालुपद, की स्टुलं मिळणार नाहीत. तिथेच अंधार झाला.

खरं तर त्या बायका आधी उभ्या होत्या, भांडल्या, आणि शेवटी बसल्या. मध्यंतरानंतर पडद्यावर ठसठशीत अक्षरात माहितीपटाचं नाव आलं तेव्हाच भाच्याला चूक कळली. पण पुढच्या रांगेतले रिटायर्ड सर शेजाऱ्याला समजावून सांगत होते, "आजकाल नाव मधे देतात. नवी शैली आहे." शेजाऱ्यानेही मान डोलावली. त्यात साहेबांनी रुमाल काढला. साहेब म्हणजे मावशीचे जुने डेपो मॅनेजर. एकही कार्यक्रम न चुकवणारे आणि प्रत्येक कार्यक्रमात रडणारे. रडत्या माणसाला मधेच थांबवून "माफ करा, हे दुःख आधीचं आहे" असं सांगणं भाच्याला काही जमलं नाही.

आणि हा सगळा उद्योग मावशीचा.

मावशीने उभा जन्म बसमध्ये कंडक्टरकी केली. पैशाच्या बॅगेने तिचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली गेलाय. अजूनही ती घरात दोन पाय फाकून, कधी ब्रेक लागेल याचा नेम नसल्यासारखी चालते, आणि जिना चढता-उतरताना कठड्याला हात लावत नाही. लग्न केलं नाही. का, म्हणून कुणी विचारलंच तर म्हणायची, "दिवसभर एवढी माणसं सांभाळते. घरी आणखी एक कशाला?" रिटायर झाल्यावर तिला घरातली शांतता चावायला लागली. तिने वाचनालयातून प्रोजेक्टर मागून आणला, शिवणबाईंची खोली मागितली, भाच्याला न विचारता त्याचं नाव ऑपरेटर म्हणून सांगून टाकलं, आणि माहितीपट व चर्चा सुरू झाली.

चर्चा ती बससारखीच चालवायची. हातात स्टीलचा पेला आणि चमचा. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे चला. "पुढे सरका, मधे गर्दी करू नका, एकाच मुद्द्यावर किती जण लोंबकळणार?" सर एकदा सुरू झाले की सामाजिक न्यायाची व्याख्या, मग व्याख्येची व्याख्या. मग पेल्यावर टण्‌. "सर, तुमचा स्टॉप मागेच गेला. उतरा." आणि सर उतरायचे, म्हणजे बसायचे.

पण मनातून ती खट्टू असायची. घरी आल्यावर चपला भिरकावून म्हणायची, "रडतात, चहा पितात, जातात. रडलं की तिकीट काढल्यासारखं वाटतं यांना. गाडीत चढायचं कुणी?"

तर त्या संध्याकाळी दिवे लागले आणि खोलीत गलका झाला. दिलेली स्टुलं काढून घेतली! सर उठून उभे राहिले. शिवणबाई कापडाच्या गठ्ठ्यावर मूठ आपटत होत्या. एकटा बेकरीवाला डोळे चोळत म्हणाला, "पण त्यांच्याकडे स्टुलं होतीच कधी?"

बेकरीवाला पहाटेचा उठणारा. प्रत्येक माहितीपटाचा पूर्वार्ध तो झोपेत काढतो.

"तुम्ही झोपला होतात!" सगळे त्याच्यावर तुटून पडले.

"झोपलो होतो, पण नंतरचं नीट बघितलं की. त्या पहिल्यांदाच मागत होत्या."

"गप्प बसा हो! पाव भाजा तुम्ही."

भाच्याने प्रोजेक्टरच्या मागे आणखी थोडं वाकून घेतलं.

मग साहेब रुमाल डोळ्यांना लावत उठले. "मुळात नसलंच तर माणूस सवय करून घेतो हो. पण हातात ठेवून काढून घ्यायचं? काळीज नसतं का या लोकांना?"

मावशीचा चमचा पेल्याच्या वर थांबला. टोला पडलाच नाही.

"साहेब," ती म्हणाली, "शेवटच्या स्टॉपवरची खोली आठवते?"

"कुठली?"

"आम्हा बायकांची. नळ होता, आरसा होता, आतून कडी होती. तुम्हीच बांधून घेतलीत. मग जुने टायर आले. तात्पुरते, म्हणालात."

"हो हो, तात्पुरतेच होते ते."

"आहेत अजून."

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं. शिवणबाई हळूच म्हणाल्या, "माझी पोर त्याच रूटवर कंडक्टर आहे आता. सकाळी बाटली भरून देते, संध्याकाळी तश्शी परत आणते. ओरडले तर म्हणते, आई, प्यायले तर जाऊ कुठे?"

साहेबांचा रुमाल हातातच राहिला. "बाई, तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"माझी अक्कल!" मावशी म्हणाली. "बायका कशाला घेता, म्हणणारे टपून बसलेले. मला वाटलं, तोंड उघडलं की म्हणतील, बघा, सांगितलं नव्हतं? म्हणून गप्प. वर ऐट अशी, की मला नाही बाई तहान लागत. पोरींना शिकवलं काय, तर पाणी न पिता ड्यूटी कशी काढायची!" ती हसली, पण ते हसू काही चेहऱ्यावर टिकलं नाही. "तुम्ही कुलूप लावलंत साहेब, आणि मी दारावर पहारा दिला."

साहेब म्हणाले, "सोमवारी सकाळी येतो मी. आताचा मॅनेजर माझ्याच हाताखाली शिकलाय. किल्ली मी मागतो."

टाळ्या पडल्या. भाच्याला मात्र आता राहवेना. तो रांगेच्या कडेकडेने मावशीपाशी गेला आणि कानात सगळं सांगून टाकलं. "पण आत्ता बोलू नकोस ना. सोमवार होऊ दे. साहेब तयार झालेत."

मावशीने त्याच्या खिशातल्या चष्म्याकडे बघितलं, मग साहेबांकडे. तिला मोह झाला नाही असं नाही. पेला उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. टण्‌.

"मंडळी, गाडी उलटी आली. आमच्या चष्म्याने शेवट आधी लावला. त्या बायकांना स्टुलं मिळाली. शेवटी मिळाली. अजून बसल्या असतील."

बेकरीवाला लग्नात सत्कार व्हावा तसा उभा राहिला आणि चारही दिशांना मान लववून बसला. सर म्हणाले, "म्हणजे आमची एवढी चर्चा निराधार?"

"तुमच्यापुरती, सर."

पण भाचा साहेबांकडे बघत होता. त्यांच्या चेहऱ्यावरून ओझं उतरताना स्पष्ट दिसलं. "मिळाली ना शेवटी? वा! फार छान झालं." त्यांनी रुमालाची व्यवस्थित घडी घातली. "सोमवारचं बघू मग. गुडघा जरा धरलाय माझा."

चहा झाला. लोक पांगले. जिना उतरताना मावशीने कठडा धरला.

"मावशी, दोन दिवस गप्प राहिली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"फसवून चढवलेला पॅसेंजर भांडतो रे," ती म्हणाली. "आणि भांडतो ते बरोबरच असतं त्याचं."

सोमवारी शेवटच्या स्टॉपवर, डेपोच्या आवारात, मावशी होती, शिवणबाई होत्या, दुकानातून रजा काढून आलेला भाचा होता आणि पावांची टोपली घेऊन बेकरीवाला होता. मॅनेजर पोरगेला, फार नम्र. त्याने खुर्च्या दिल्या, चहा मागवला. "मावशी, तुम्ही आम्हाला आईसारख्या. पण किल्ली कुणाकडे आहे तेच माहीत नाही. वरती विचारावं लागेल."

"विचार की."

"वरचे आज नाहीत."

गाड्या येत होत्या, वळत होत्या, जात होत्या. टायरच्या खोलीचं कुलूप गंजून दाराच्याच रंगाचं झालं होतं. शेजारी पुरुषांची मुतारी, तिचं दार सताड उघडं. बेकरीवाल्याने सगळ्यांना एकेक पाव दिला. नुसतं बसून किती बसणार?

मग एक गाडी आली आणि तिच्यातून साहेब उतरले. घाईघाईने. तिकीट देणारी शिवणबाईंची पोर मागच्या दारातून ओरडली, "आई, हे आजोबा पहिल्या स्टॉपपासून बसलेत! रस्ताभर मला पाणी पी, पाणी पी म्हणत होते, स्वतःपण पीत होते!"

साहेबांनी कुणाकडे बघितलं नाही. ते तडक पुरुषांच्या मुतारीत शिरले. बाहेर आले, हात झटकले, आणि दोन पावलं टाकून शेजारच्या कुलपासमोर थांबले. एकदा उघड्या दाराकडे बघितलं, एकदा बंद दाराकडे. पोर गाडीतच होती, पायरीशी, एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत.

मॅनेजर धावत आला. "साहेब, तुम्ही कशाला त्रास घेतलात? मी वर विचारतो."

"वर काय विचारतोस? लाव म्हणून मी सांगितलं होतं, तोड म्हणूनही मीच सांगतो. वर्कशॉपातून कुणाला तरी बोलाव."

कुलूप एका फटक्यात तुटलं, बिचारं तुटायलाच टेकलं होतं. पहिला टायर साहेबांनी स्वतः बाहेर लोळवला, तेही इस्त्रीच्या पांढऱ्या पॅंटीत. दुसऱ्याला गुडघ्याने खरोखरच दगा दिला आणि ते त्याच टायरवर बसले. मग ड्रायव्हर आले, वर्कशॉपची माणसं आली, बेकरीवाल्याने पीठ मळायचे हात लावले. शिवणबाई आणि मावशीने पदर खोचून फरशी घासली. आरसा सापडला, अर्धा. नळ आधी नुसता फुसफुसला, मग लाल खोकला, आणि दुपार कलता कलता स्वच्छ पाणी आलं. आतली कडी तेल घातल्यावर सरकली.

तोवर गर्दी जमली होती. सर कोरा सदरा घालून आले होते आणि घसा साफ करत होते. साहेब टायरवरून म्हणाले, "आधी बाई बोलतील. त्यांचा मान आहे."

भाच्याने आज आठवणीने चष्मा घातला होता. मोबाइल वर धरून तो बरोबर दारात जाऊन उभा राहिला, मागे खोली, पुढे मावशी, फ्रेम अगदी झकास. "मावशी, एवढ्या वर्षांनी उघडलंय. आता तुझ्यावरच माहितीपट करायचा. या क्षणी तुला नेमकं काय वाटतंय, ते सगळ्यांना सांग."

"दारातून बाजूला हो रे, मला लागलीय."